चांदी लावलेली चकती

विद्यापीठाच्या विभागात ती सतत भट्टीपाशी असे, म्हणून तिला सगळे भट्टीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. चाळिशी ओलांडली तरी ती हंगामीच होती. दर वर्षी नवा करार, दर वर्षी तीच धाकधूक. घरी उशिरा पोचली की नवरा म्हणायचा, पाहुण्या आल्या आहेत, जेवून जा म्हणावं.

यंदा मात्र कायम जागा निघाली होती. तिच्या एका शोधनिबंधाच्या जोरावर ती तिलाच मिळणार, असं विभागप्रमुख सर धरून चालले होते.

त्या निबंधात होती नखाएवढी राखाडी सिरॅमिक चकती. भट्टीत हवा कमी ठेवून ती भाजली की तिच्यातला थोडा ऑक्सिजन निघून जातो. त्या रिकाम्या जागांमुळे तिला किंचित चुंबकत्व येतं, पण त्यांच्याचमुळे वीज पाझरते आणि विद्युतभार टिकत नाही. भट्टीबाईंच्या चकतीत मात्र चुंबकत्वही होतं आणि भारही टिकत होता. निबंधाची वाहवा झाली ती यासाठीच.

मुलाखतीत दाखवायला म्हणून तिने एक जुनी चकती काढली. भार मोजण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंना चांदीची पेस्ट लावलेली होती. कोरी चकती दिसावी म्हणून तिने ती पेस्ट खरवडली. खालची चकती राखाडी नव्हती, पांढुरकी पडली होती. चुंबकत्वाच्या यंत्रात घातली, तर रेघ सपाट आली, म्हणजे चुंबकत्व उरलंच नव्हतं.

चुंबकत्व ती नेहमी आधी मोजायची, कोऱ्या चकतीचं. मग चांदी लावायची, आणि चांदी पक्की बसावी म्हणून चकती उघड्या हवेत पुन्हा भाजायची. सगळेच तसं करतात. त्या भाजण्यात चकतीने गेलेला ऑक्सिजन परत ओढून घेतला होता. चुंबकत्व मोजलं होतं एका पदार्थाचं आणि भार दुसऱ्याचाच.

तिने न भाजता वाळणारी चांदी आणली, ताजी चकती घेतली. चुंबकत्व राहिलं, भार गळून गेला. हवा कमीजास्त करून पाहिली. एक हाती लागलं की दुसरं निसटायचं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. निबंधावर त्यांचंही नाव होतं. मागे घ्यायचा तर घेऊ, पण नेमणूक झाल्यावर, असं म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"तुला कुणी विचारलंय का? मग आपण होऊन गळ्यात धोंडा कशाला बांधून घेतेस?"

रात्री घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवरा भांडी विसळत होता. म्हणाला, "मला त्यातलं कळत नाही गं. पण हे नाही झालं, तर करार तरी होईल ना पुढच्या वर्षी?"

होणार नव्हता. पुढच्या वर्षी ती कराराच्या वयोमर्यादेबाहेर जात होती.

"होईल," ती म्हणाली.

मुलाखतीला बाहेरून आलेले तज्ज्ञ भले गृहस्थ होते. त्यांनी निबंधातला चुंबकत्व आणि भार दाखवणारा आलेख समोर ठेवला, मनापासून कौतुक केलं आणि विचारलं, "एकाच चकतीत हे दोन्ही जमवलंत कसं, बाई?"

उत्तर पाठ होतं. सर टेबलाकडे बघत होते.

"जमलेलं नाही," ती म्हणाली. "चांदी भाजताना ऑक्सिजन परत आत गेला. आमच्या लक्षात आलं नाही."

"कधी कळलं?"

"याच आठवड्यात."

तज्ज्ञांनी आलेख उलटा करून ठेवला, चष्मा पुसला आणि दाराशी उभ्या शिपायाला पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं. ती अजून खुर्चीतच होती.