न मिळालेल्या भूमिकेचं अभिनंदन

चौकात फ्लेक्स लागला त्या सकाळी नीरजा खासनीस शाळेत निघाली होती. विजेच्या खांबाला आपलाच चेहरा, तोही दोन वयांतला, बांधलेला पाहून ती जागीच थबकली. डावीकडे नऊ वर्षांची नीरजा, पांढरा झगा, मोकळे केस. उजवीकडे सेहेचाळीस वर्षांची, चष्मा लावलेली. हा फोटो स्नेहसंमेलनातून उचललेला. मध्ये मजकूर होता : ‘सातवा मैल भाग ४ साठी निवड झाल्याबद्दल नीरजाताई खासनीस यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो, नीरजाच्या फोटोपेक्षा अंमळ मोठेच.

तिची निवड झाली नव्हती. भाग चार निघणार आहे, हेही कोणी अधिकृतपणे सांगितलं नव्हतं.

‘सातवा मैल’ या भुताच्या सिनेमाचे तीन भाग आले तेव्हा नीरजा शाळकरी होती. मैलाच्या दगडाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला “काका, किती वाजले?” असं विचारणारी भुताची मुलगी म्हणजे ती. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती मुलगी एका ट्रकमध्ये चढते आणि पडद्यावर अंधार होतो. पुढे काय झालं ते दिग्दर्शकाने सांगितलं नाही, आणि मग तो वारला. नीरजाने पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नाही. ती शिक्षिका झाली, लग्न केलं नाही, वडिलांबरोबर नारायण पेठेत राहिली. पण वाण्याच्या दुकानात, बँकेत, पालकसभेत कोणीतरी हसत विचारायचंच, “किती वाजले?”

या वर्षी तिन्ही भाग नव्याने साफसूफ करून इंटरनेटवर आले आणि चाहत्यांना उधाण आलं. त्यात नीरजा चौथीची सहल घेऊन मांजरी गावात ऊस दाखवायला गेली. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती मुलं मोजत होती, तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. पहिल्या भागाचं शूटिंग त्याच रस्त्यावर झालं होतं. संध्याकाळपर्यंत फोटो सगळीकडे : ‘नीरजाताई लोकेशन पाहायला मांजरीत!’ फोटोच्या कडेला पाण्याच्या बाटल्या लटकवलेली पोरं स्पष्ट दिसत होती, पण ती कोणाला दिसली नाहीत.

मग दिग्दर्शक कोण, यावर खल सुरू झाला. एक गट म्हणे धम्मदीप ओव्हाळ, कारण त्याला अंधार कळतो. दुसरा म्हणे वल्लरी मिराशी, कारण तिने कुठल्याशा मुलाखतीत मैलाच्या दगडाचा उल्लेख केला होता. या सगळ्याचा सूत्रधार होता गंधार : खराडीत नोकरी, पेठेत मंडळ, आणि लहानपणी नीरजाचाच विद्यार्थी.

“गंधार, तो फ्लेक्स उतरव. मला कोणी विचारलेलं नाही.”

“बाई, समजलं,” गंधारने डोळा बारीक केला. “ॲग्रीमेंट असतं. तुम्ही बोलू शकत नाही.”

“अरे, बोलण्यासारखं काही नाहीये!”

“एक्झॅक्टली. असंच म्हणायचं.”

घरात वेगळीच तऱ्हा. वडील, दिगंबर खासनीस, वय ब्याऐंशी. तेव्हा रजा काढून लेकीला शूटिंगला नेणारे, तिचा झगा स्वतः धुणारे. आता लॅंडलाइनशेजारी खुर्ची ओढून बसले होते. “बोलणी चालू आहेत,” असं ते येईल त्या फोनवर सांगत.

“बाबा, कसली बोलणी?”

“चालू होतील गं नीरू. तुझ्याशिवाय कोण आहे त्यांच्याकडे?”

त्यांचा चेहरा बघून तिला पुढे बोलवेना. आणि अनोळखी नंबर आला की तीही पहिल्याच रिंगला उचलत असे, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

खरी गोष्ट अडली होती शाळेत. प्राथमिकच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या आणि बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या जागेवर नीरजाचा हक्क होता. भुताच्या मुलीखेरीज दुसरं काहीतरी आपल्या नावापुढे लागावं, एवढीच तिची इच्छा होती. पण संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी तिला बोलावून पेढाच पुढे केला.

“खासनीस बाई, अभिनंदन. आता तुम्ही कशाला शाळेत अडकून पडता? मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी दुसरं नाव बघतोय आम्ही.”

“साहेब, ती अफवा आहे. मला कोणीही विचारलेलं नाही.”

“नम्रता हवी, पण किती?” आप्पासाहेब हसले. “आमच्या सूनबाईंनी तुमचा मांजरीचा फोटो दाखवला की.”

खरं बोलून भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं. मग तिच्या तोंडून निघून गेलं, “विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं. शाळेसाठी.”

आप्पासाहेब पेढ्याचा बॉक्स बंद करून चक्क उभे राहिले. “शाळेसाठी?” त्यांनी हात जोडले. “मग प्रश्नच मिटला. पुढच्या बैठकीत तुमचं नाव मांडतो.”

इतकी वर्षं खरं बोलायला शिकवलं आणि खोटं बोलल्याबरोबर विश्वास बसला, हे तिच्या मनाला लागलं. पण घरी जाताना पाऊल हलकं पडत होतं.

तिच्याआधी तिच्या नकाराची बातमी फोनवरून घरी पोचली होती. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

“मला एकदा विचारायचंस तरी.”

“बाबा…”

“कोण होता दिग्दर्शक?”

खरं सांगायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. पण म्हातारा ज्या आशेवर दोन महिने रोज दाढी करून बसत होता, ती सगळीच खोटी होती असं सांगण्यापेक्षा नकार बरा. “वल्लरी मिराशी,” ती म्हणाली.

“बाईमाणूस होय,” बाबा म्हणाले. “तुला नीट सांभाळलं असतं तिने.”

सकाळी दूध घ्यायला गेलेल्या बाबांनी ते नाव गंधारला सांगितलं. दुपारपर्यंत चाहत्यांत जल्लोष : दिग्दर्शिका पक्की, खुद्द नीरजाताईंच्या घरून! इतके दिवस ज्याला पुरावा नव्हता त्याला आता पुरावा मिळाला होता, आणि तो तिने दिला होता. मधल्या सुट्टीत आप्पासाहेबांचा फोन आला.

“बाई, पिक्चर नक्की झालाय म्हणे. म्हणजे ती मंडळी तुमच्याकडे पुन्हा येणार, जास्त आग्रह करणार. तुमची चलबिचल होऊ शकते. नेमणुकीचं आपण दिवाळीनंतर बघू.”

“मी जाणार नाही साहेब.”

“असं आज म्हणताय.”

संध्याकाळी ती चौकात आली तेव्हा जुना फ्लेक्स निघाला होता आणि गंधार शिडीवर चढून नवा बांधत होता. तोच पांढरा झगा, तोच चष्मा. मजकूर बदलला होता : ‘नीरजाताई, निर्णय बदला! पेठ तुमच्या पाठीशी आहे.’ वरच्या खिडकीत बाबा उभे होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी नवा सदरा घातला होता.

“बाई, बरं झालं आलात!” गंधार वरून ओरडला. “जरा लांबून बघा ना, सरळ लागलाय का?”

नीरजाने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. मागे सरकून, डोळे बारीक करून तिने फ्लेक्सकडे पाहिलं, जशी ती वर्गातले तक्ते बघत असे.

“डावी बाजू थोडी वर घे,” ती म्हणाली.