देवघरातला मोबाइल

भूतखेत, साक्षात्कार, यातलं मी काही मानत नाही. देवाला दिवा लावते, कारण न लावता करमत नाही, एवढंच. शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्कल जागेवर आहे. तेव्हा 'म्हातारीला भास झाला' असं म्हणायची घाई करू नका... ते आमच्या घरी आधीच म्हणून झालंय.

मी इंग्लंडात, लीड्सला मुलाकडे राहते. निखिल हॉस्पिटलात डॉक्टर आहे. सून मृणाल कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायब्ररी खात्यात नवीन लागली. पुस्तकं द्यायचं काम नाही — वाचकांची नावं, पत्ते चोरांच्या हाती लागू नयेत हे बघायचं. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकाही तिथे पत्ता देतात, म्हणून ती या कामाला फार जपते. नोकरी अजून प्रोबेशनवर. एक चूक झाली की घरी.

कॉम्प्युटरला पासवर्ड टाकला की तिच्या ऑफिसच्या मोबाइलवर आकडे येतात, ते टाकले की आत जाता येतं. हा मोबाइल घरात कुठेही पडायचा आणि मग सकाळी शोधाशोध. शेवटी मीच त्याला स्वयंपाकघरातल्या देवघरात जागा दिली, तिथे प्लगही आहे.

"आई, बाप्पाच आता आमचा सिक्युरिटी गार्ड," मृणाल हसायची.

त्या सकाळी बॉयलर बंद पडला होता. गरम पाणी नाही, माझी आंघोळ राहिली. मृणाल लायब्ररीतल्या लोकांना शिकवायला गेली होती — फोनवर कुणी कोड मागितला तर देऊ नका, हेच शिकवायला! — आणि मोबाइल घरीच विसरली.

घरचा फोन वाजला. माणूस हिंदीत बोलत होता, अगदी गोड.

"माताजी, मृणाल मॅडम के ऑफिस से बोल रहा हूँ. मॅडम का काम अटक गया है. उनके मोबाइल पे नंबर आएगा, बस पढ़ के बता दीजिए."

पोरीचं काम अडलंय म्हटल्यावर मी कशाला विचार करते? देवघरात मोबाइल वाजला. फोन कानाला तसाच धरून मी हात पुढे केला.

"पारोशी मेली! देवघरात हात घालशील!"

पाठीमागून आवाज कडाडला. माझ्या सासूचा. दातांना मिश्री लावून बोलायची तसा, जाडाभरडा. ती कराडला वारली त्याला जमाना झाला. तिचं सोवळं मी ती गेल्यावर लगेच गुंडाळून ठेवलं. बिनआंघोळीची कितीदा तरी मी देवघर पुसते, मनात काही येत नाही. पण त्या क्षणी हात झटकन मागे आला. वळून बघितलं — स्वयंपाकघर रिकामं. टीव्ही बंद, मागचं दार बंद.

आणि फोनवरचा माणूस म्हणाला, "माताजी... पीछे कौन औरत चिल्लाई?"

आता माझं डोकं चालायला लागलं. आमच्या घरात कोण ओरडतं याच्याशी ऑफिसला काय करायचंय?

"मेरी सास है," मी म्हटलं. "तू कौन है, पहले वो बोल. नाम बता."

त्याने फोन आपटला.

मृणाल आली, तिने सगळं ऐकलं आणि मला उलगडून सांगितलं. तिचा पासवर्ड चोरांनी आधीच पळवला होता. अडलं होतं ते फक्त या आकड्यांपाशी. तिने लगेच ऑफिसला कळवलं, कुणाचाही पत्ता बाहेर गेला नव्हता.

निखिल म्हणाला, "आई, या वयात असे भास होतात. मेंदूचा खेळ असतो."

"माझ्या मेंदूचा ना?" मी म्हटलं. "मग त्या चोराला कसा ऐकू आला?"

एवढा शिकलेला डॉक्टर, चहाच पीत बसला.

दोन दिवसांनी मृणाल म्हणाली, "आई, बॉसने तुमचे खास आभार मानलेत."

"माझे कशाला? मी तर आकडे सांगायलाच निघाले होते."

"मग कुणाचे मानायचे?"

सासूचं नाव घ्यायला माझी जीभ रेटली नाही. जन्मभर तिने मला ओरडण्याशिवाय काही दिलं नाही. पण त्या सकाळी ओरडली ती तीच, हे मी कुणापुढेही सांगेन. कशी ओरडली, ते मला विचारू नका. मला माहीत नाही.