कर्जतकडचा एक तह

पुण्याहून निघालेली एसटी केडगावला पोचली तेव्हा माझा पांढरा सदरा रस्त्याच्या रंगाचा झाला होता. भर दुष्काळात नगरला व्याख्यान द्यायला निघालेला मी एक शहाणा! विषय, ‘प्राचीन जेत्यांकडून आजच्या नेत्यांनी काय शिकावं’. तटावर डोकं आपटू नका, पाण्याची वाट रोखा, दरवाजा आतूनच उघडतो, असं मी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या आणि मी फुगलो.

श्रोत्यांत कर्जतकडच्या एका गावचे सरपंच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जीपमधून गावी नेलं. वाटेत हिरवं पान दिसलं नाही; उन्हात बायामाणसं खडी फोडत होती. सरपंचांच्या ओट्यावर मात्र पाय धुवायला भरलेली बादली आली. शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळ्यांचं कालवण) मी दोनदा मागून खाल्ली.

जेवण झालं आणि टँकर आला. वस्तीतल्या बौद्धांना गावविहिरीवर चढू देत नसत, म्हणून अर्धं पाणी विहिरीत आणि अर्धं वस्तीच्या हौदात, अशी तिथली रीत होती. आज सगळा टँकर विहिरीत रिकामा झाला. लांबवर हंडे घेऊन बसलेल्या वस्तीतल्या बायांतून एक म्हातारी उठून माझ्याकडे आली.

“गुरुजी, तुमी शिकलेलं मानूस. माझ्या किसननं पंचायतीच्या निवडनुकीला अर्ज भरलाय. त्यो मागं घे, मगच पानी, म्हनत्यात. परवाचं पानी कवाच सपलं. लेकरं तानेनं रडत्यात. सांगा की यास्नी.”

“अहो सरपंच, हे काय चालवलंय?” मी म्हणालो.

ते हसले. “तुमीच म्हनला न्हवं, पान्याची वाट रोखा? लई पटलं बगा.”

“मी लढाईबद्दल बोलत होतो.”

“मग ही काय हाय?”

तासाभरात किसन आला. राजीखुशीनं अर्ज मागे घेतो, असा कागद तयारच होता. त्यानं मान खाली घालून सही केली. मग सरपंचांनी पेन माझ्यापुढे धरलं.

“साक्षीला पाव्हना बरा. तुमची सही पडली की गडी लावून वस्तीला पानी शेंदून देतो.”

मी किसनकडे पाहिलं. “करा गुरुजी,” तो म्हणाला. “आई सकाळधरनं तानेली हाय.”

मी सही केली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, याचीच मला किळस वाटली.

मी परतीची एसटी धरली. जेत्यांवर मी आयुष्यभर वाचत आलो. त्यांच्या तहांवर साक्षीला कोण बसलं होतं, ते शोधावंसं मात्र कधी वाटलं नव्हतं.