मूळपुरुषाचा घोडा

ही गोष्ट लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरी होती, मग गुडघे दुखत होते, नंतर भाऊबंदांचा रुसवा नको म्हणून. आता रुसणारे बहुतेक गेले आणि गुडघ्यांनी तर माझं ऐकणंच सोडलं. तेव्हा सांगूनच टाकतो. आमच्या मूळपुरुषाजवळ घोडा नव्हता. तो मी दिला.

आमचं गाव हसनाबादजवळ. गावातली निम्मी घरं आमच्या आडनावाची, आणि ती सगळी एकाच माणसाची पैदास. त्यानं बाहेरून येऊन इथलं रान मोडलं, पहिली विहीर खणली. लिंबाखाली त्याचा शेंदूर लावलेला दगड होता आणि त्या दगडाची एक रीत होती. दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी आमच्यातला थोरला माणूस चपला काढून धनगरांच्या गल्लीत जायचा. तिथल्या एका ठरलेल्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणायचा, "रातच्यापुरती जागा द्या." आतला म्हातारा म्हणायचा, "जागा है. घोंगडं घेऊन जा." ते घोंगडं दगडावर पांघरलं की मगच आमची पूजा. लहानपणी मी आजोबांबरोबर जायचो. त्या घरातला माझ्याच वयाचा पोरगा माझा दोस्त. मोठ्यांचं होईपर्यंत आम्ही मागे कोकरांच्या मागे पळायचो.

पुढे मोसंबीनं साथ दिली, गावात स्लॅबची घरं झाली, आणि भाऊबंदांना त्या दगडाची लाज वाटू लागली. एवढं मोठं घराणं आणि मूळपुरुष म्हणून नुसता धोंडा. ठरलं की पुतळा बसवायचा, संगमरवरी पाटी लावायची आणि पाटीवर त्याचं चरित्र कोरायचं. लिहिणार कोण, तर मी. ग्रामसेवक म्हणून न भरलेल्या ग्रामसभांची इतिवृत्तं लिहीतच होतो, त्यामुळे हात तयार होता.

शोध मात्र मी मनापासून घेतला. गावात विचारलं तर प्रत्येक घरात वेगळा मूळपुरुष निघाला. एका घरात तो सरदार होता, दुसऱ्यात सरदाराचा मेहुणा. ज्या घरात मुलाचं लग्न जमत नव्हतं तिथं तर तो थेट राजघराण्यातला होता. शेवटी टेंभुर्णीला गेलो. तिथं आमची एक चुलत आत्या, घराण्यातली सगळ्यात म्हातारी. मी घोड्याचा विषय काढला तसं तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"घोडा कशाचा बाबा, पायात जोडा न्हवता त्याच्या. दुष्काळात गोदेकडून चालत आल्ता, बायको पोटुशी. धनगरांनी मेंढवाड्यात घेतलं. बाळंतपण बी तिथंच झालं, घोंगड्यावर. ते घोंगडं न्हाई का मागाया जात तुम्ही?"

हे मी परत येऊन भाऊबंदांच्या बैठकीत सांगितलं. मग माझा एक चुलत भाऊ, ज्याला त्या वर्षी पंचायतीला उभं राहायचं होतं, समजुतीनं म्हणाला, "भाऊसाहेब, आत्या म्हातारी झाली. आपल्या पोरांच्या सोयरिकी व्हायच्यात."

मी समजलो. लिहिलं ते असं : सदर पुरुष हे स्वारांसह या प्रांती आले व येथील निराश्रित मेंढपाळांस त्यांनी आश्रय दिला. स्वार किती लिहायचे यावर थोडी घासाघीस झाली. पुतळेवाल्याकडे घोडा तयारच होता, वरचा माणूस हवा तसा बदलून मिळायचा. आमच्या माणसाला त्यानं एवढी मिशी दिली की घोडा मागे झुकल्यासारखा वाटतो. जुना दगड चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये गेला.

मग लक्षात आलं की रीत उरली. आश्रय आम्ही दिला असेल तर दारात येऊन मागायचं त्यांनी. हा तोडगाही माझाच, आणि तो सांगायला मीच गेलो. दोस्त आता त्या घरचा थोरला होता. मेंढी कातरता कातरता त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू म्हणतो तर येतो."

दसऱ्याला तो आला. अनवाणी, खांद्यावर घोंगडं. कुणीतरी त्याच्या तोंडापुढे माईक धरला आणि जागा मागायला सांगितलं. चौथीपर्यंत आम्ही एका पाटावर बसलेलो, त्याला वाचता येत होतं. त्यानं पाटी सावकाश वाचली, माईक हातानं बाजूला केला आणि माझ्याकडे आला.

"भाऊसाहेब, आम्ही जागा मागाया आलो कुठून, तेवढं बी लिहून टाका मंग. घरी पोरं इचारतील."

तोपर्यंत त्यानं मला कधी भाऊसाहेब म्हटलं नव्हतं. घोंगडं घोड्याच्या पायापाशी ठेवून तो निघून गेला, पुन्हा आला नाही. तेव्हापासून आमचे लोक जालन्याला मस्तगडातल्या दुकानातून ब्लँकेट आणतात. मऊ असतं, त्यावर वाघाचं चित्र असतं. दरवर्षी घोड्याच्या पाठीवर वाघ टाकून आम्ही पूजा करतो.

यंदा दसऱ्याच्या आधी कळलं की त्यानं अंथरूण धरलंय. मी गेलो. गल्लीच्या तोंडाशीच चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात त्याचा मुलगा बाहेर आला. "काका, बाहेर काहून उभे? या ना." हाताला धरून आत नेलं, प्लास्टिकची खुर्ची दिली.

दोस्तानं खाटेवरून माझे पाय पाहिले.

"चपला कुठं गेल्या?"

"बाहेर काढल्या."

त्यानं सुनेला बोलावलं, भिंतीला टेकून बसवायला लावलं. खुंटीवरचं घोंगडं मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. कशाची वाट बघतोय ते मला कळत होतं. बाजूला मुलगा उभा, सून उभी, दारात शेजारची दोन माणसं.

"गोळ्या बराबर घेऊन राह्यला ना?" मी विचारलं.

त्यानं मांडीवरच्या घोंगड्याची घडी सारखी केली. मग म्हणाला, "घेऊन राह्यलो, भाऊसाहेब."

चहा आला, तो मी प्यायलो. मोसंबीच्या भावाबद्दलही काहीतरी बोललो. उठताना 'येतो' म्हणालो. घोंगडं त्याच्या मांडीवर तसंच होतं.

दसऱ्याच्या आधीच तो गेला. त्याच्या समोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मला एवढंच म्हणायचं होतं : रातच्यापुरती जागा द्या.