तोडलेला ऊस जातो कुठं?

आमचा ऊस तुटून गेला, त्याच्या चौथ्या दिवशी आम्ही कळंबहून निघालो. रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, तसंच पसरलेलं होतं. बांधावर उभा राहून माझा मुलगा विक्रम म्हणाला, "तात्या, खोडवा ठेवू नका. रान मोकळं करू. तुमी येईस्तोवर नांगर घालत न्हाय, पण आल्यावर एकदाचं काय ते सांगा."

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटून येणारं पुढचं पीक. ते न ठेवता विक्रमला आमच्या पाच एकरांत कृषी पर्यटन उभं करायचं होतं. पुण्याच्या लोकांसाठी खोल्या, बैलगाडीची फेरी, शेततळ्यात होडी. माझं 'हो' तेवढं बाकी होतं आणि दोन वर्षं मी ते आज-उद्यावर ढकलत होतो. शेवटी आमच्या लेकीनं, रुपालीनं तोड काढली. जावई कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवतात. ती फोनवर म्हणाली, "तात्या, हे अख्खं बेट पाहुण्यांवर जगतं. एकदा या, बघा आणि मग ठरवा."

बेटाचं नाव मी लिहीत नाही. मला ते अजून नीट म्हणता येत नाही आणि माझी बायको शालन त्याला 'रुपालीचं गाव' एवढंच म्हणते.

भिगवणवरून मुंबई, मग एकापाठोपाठ एक तीन विमानं. शेवटचं इतकं लहान की आत वाकूनच चालावं लागलं. पाय सुजले, कान बसले, दिवस कुठला तेही कळेना. शालनच्या पिशवीत कन्हेरीच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या, गुळाची ढेप होती. विमानतळावरच्या बाईनं ती तीनदा उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला आणि परत दिली.

खिडकीतून पहिल्यांदा बेट दिसलं तेव्हा मधोमध ढगात डोकं खुपसलेला डोंगर आणि खाली उतारावर हिरवंगार गवत होतं. गवतातून मध्येमध्ये दगडी धुराडी वर आलेली. उतरल्यावर मी रुपालीला विचारलं, तर ती म्हणाली, "तिथं पूर्वी सगळा ऊसच होता, तात्या. कारखाना बंद पडून लई वर्षं झाली."

आधीच थकलो होतो, त्यात हे ऐकलं.

पहिले तीन दिवस लेकीनं आम्हाला पळवलं. समुद्रात तोंडाला काच बांधून मासे बघायचे म्हणे. मी काठावरच बसणार होतो, पण शालन पंजाबी ड्रेस घालून सरळ पाण्यात शिरली. जन्मभर विहिरीच्या काठाला न गेलेली बाई तिथं उताणी तरंगत हसत होती. "अवो, या की! मासं पायाला गुदगुल्या करत्यात!" मी गेलो, नाकातोंडात खारट पाणी गेलं आणि माझी मासे बघायची हौस तिथंच फिटली.

दुसऱ्या दिवशी डोंगर. तो निजलेला ज्वालामुखी आहे. दाट जंगल, झाडांची मुळं धरून चढायचं, खाली चिखल. वाटाड्या तरुण होता, दर दहा पावलांवर थांबून 'ठीक ना, काका?' अशा अर्थाचं काहीतरी विचारायचा. मी मान हलवायचो. माथ्यावर पोचलो तर ढगाशिवाय काही दिसेना. गुडघ्यांनी तेव्हा जो संप केला तो आजतागायत मिटलेला नाही.

खाली बंदरावर काही जण टोपडी घातलेली माकडं लोकांच्या खांद्यावर बसवून फोटो काढत होते. रुपालीच्या शेजारणीनं सांगितलं की हीच माकडं रानात भाजीपाला उरू देत नाहीत. मला जरा आपलेपणा वाटला. त्या बाईनंच जेवायला घातलं. निखाऱ्यावर भाजलेलं ब्रेडफ्रूट (आपल्या कोकणातला नीरफणस) आणि सॉल्टफिश (खारवून वाळवलेला मासा). मासा मी बाजूला सारला. नीरफणस मात्र ठेच्याबरोबर झकास लागला.

चौथ्या दिवशी आगगाडी. एके काळी उसाच्या वाघिणी ओढणाऱ्या अरुंद रुळांवर आता दुमजली डबे धावतात. वर बसायचं, सरबत प्यायचं, समुद्र बघायचा. जुन्या कारखान्यापाशी गाडी थांबली. छप्पर उडालेल्या भिंती, गंजलेला चरक, त्यावर वेली चढलेल्या. लोक फोटो काढायला पांगले. भिंतीपलीकडं मला ऊस दिसला. दहा-बारा सऱ्यांचाच, पण ऊस!

आता आमच्याकडची रीत अशी, की वाटेनं जाणाऱ्यानं उभ्या रानातला एखादा ऊस मोडून खाल्ला तर कोणी हूं की चूं करत नाही. तिथंच खा, मोळी बांधून नेऊ नको, एवढाच कायदा. मी काही विचार न करता एक ऊस मोडला, दातानं सोलला आणि चावायला लागलो. चार दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

तेवढ्यात गाडीवरची गाईड मुलगी ओरडतच आली. रुपाली धावली. "तात्या, अवो टाका ते! हात लावायचा नसतो, तो खेळासाठी हाय!"

"उसाचा कसला खेळ?"

उत्तर द्यायला एक म्हातारा पुढं आला. जोसेफ त्याचं नाव. डोक्यावर गवताची टोपी, अंगात मुद्दाम ठिगळं लावलेला पण इस्त्रीचा सदरा, हातात सरळ पात्याचा लांब कोयता. वय माझ्याहून चार-पाच वर्षं जास्त. तो चिडला नाही. रुपालीनं त्याचं बोलणं सांगितलं, "इथला ऊस खाणारा माणूस त्यांनी लई वर्षांनी बघितला म्हणतात."

मग त्यानं खेळ दाखवला. लोक अर्धगोलात उभे राहिले आणि त्यानं चार ऊस तोडले. बघणाऱ्यांना कोयत्याचा आवाज झाला की पुरे होतं, पण तो जमिनीला घासूनच तोडत होता, बोटभरसुद्धा बुडखा वर ठेवत नव्हता. मग हसून त्यानं कोयता माझ्याकडं दिला.

आमच्याकडं कारखान्याचा ऊस टोळीवाले तोडतात, पण लागणीचं बेणं आम्हीच तोडतो. मी खाली बसलो, चार ऊस तोडले, पाचट काढलं, वाढं (उसाचा हिरवा शेंडा) उडवलं, दोन वाढ्यांना पीळ घालून मोळी बांधली आणि उभा राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर केलेल्या कामाला टाळ्या मिळाल्या, तर माणसानं खूश व्हावं. मी का झालो नाही, ते तेव्हा कळलं नाही. मी मोळी खांद्यावर घेऊन उभा होतो आणि ती टाकायची कुठं ते कोणी सांगत नव्हतं.

"तोडलेला ऊस जातो कुठं?" मी विचारलं.

जोसेफ मला भिंतीमागं घेऊन गेला. तिथं ढीग होता. वाळलेला, काळा पडलेला, आंबूस वास मारणारा ऊस. वर माश्या. आमच्याकडं तोडलेला ऊस एक दिवस रानात पडला तरी वजन घटतं म्हणून घरातल्यांना जेवण जात नाही. इथं तो तोडायचा तो फेकायलाच. त्या ढिगावर माझी मोळी टाकताना हात उचलेना.

"कारखाना बंद झाला तवा त्यांना कुणी विचारलं न्हाय," रुपाली सांगत होती. "एक दिवस शेवटची गाडी भरून गेली, मग गाडीच न्हाय."

"आणि आता?"

"आता बरं हाय म्हणतात. काम हलकं, पोरं शिकली. तक्रार न्हाय. फक्त ऊस तोडून झाला की अजून मान वळती म्हणतात, गाडी आली का बघायला."

शालननं पिशवीतून गुळाचा खडा फोडून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो नाकाशी धरला आणि डोळे मिटले. खाल्ला नाही. ठिगळाच्या खिशात ठेवला. गाडीची शिट्टी झाली तेव्हा मी आणि जोसेफ हात हातात घेऊन उभे होतो.

उरलेले दिवस मी रुपालीच्या ओट्यावर बसून काढले. तिनंही मग कुठं नेलं नाही.

परत आलो तेव्हा विक्रमनं नांगर ट्रॅक्टरला जोडूनच ठेवला होता. पाचटातून बारीक हिरवे कोंब वर आले होते. मी घरातही न जाता बांधावर गेलो.

"तीन एकर तुझं," मी म्हणालो. "खोल्या बांध, होडी सोड. विहिरीकडची दोन एकर खोडवा राहील."

त्याचा चेहरा फुलला. "लई बरं झालं तात्या! पाहुण्यांना ऊसतोड दाखवायला ऊस पायजेच होता."

"दाखवायला न्हाय. कारखान्याला घालायला. पाहुण्यांना बघायचा तर बघू दे, खायचा तर मोडून खाऊ दे. पण तोडलेला ऊस गाडीत चढला पायजे."

त्यानं विचारलं, "आणि एखाद्या साली गाडीच आली न्हाय तर?"

"तर तोडायचा न्हाय."

विक्रमनं ट्रॅक्टर विहिरीकडून वळवून तीन एकरांच्या तुकड्यात नेला. मी कोयता घेतला आणि खोडवा नीट फुटावा म्हणून बुडखे जमिनीलगत छाटायला खाली बसलो. गुडघे त्या डोंगरापासून दुखत होते ते दुखतच होते.