पेंढारकरबाईंच्या बागेतलं एक झाड

डॉक्टर उषा पेंढारकर यांनी मला मदत केली, हे आधी लिहून ठेवतो. काय मदत आणि कशी, ते पुढे येईलच. पण घाबरलो की माझं मुद्द्याचं राहून जातं, म्हणून नाव पहिलं.

बाई नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं भूल देत होत्या. मी भेटलो तेव्हा त्या रिटायर झालेल्या, यजमान गेलेले, मुलगी लीड्सला. माझी बायको कल्पना त्याच हॉस्पिटलात नर्स. तिच्या व्हिसावर मी इथे आलो आणि वेअरहाउसमध्ये खोकी चिकटवायला लागलो. एक दिवस ती म्हणाली, "अहो, पेंढारकर मॅडमना बागेला माणूस हवाय. तुम्ही जाऊन तर या." गेलो. बाईंनी दार उघडलं, नाव विचारलं आणि थेट मागच्या हिरवळीवर नेऊन उभं केलं. हात पसर म्हणाल्या आणि घरात गायब झाल्या. मग वरच्या खिडकीतून आवाज आला, थोडा डावीकडे हो, आणखी, आता हात वर. ऑक्टोबरचं गार वारं, मी हात वर करून उभा, आणि शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून बघतोय. पंधरा मिनिटांनी बाई खाली आल्या. "दत्ता, नासपती म्हणून तू बरा दिसतोस," म्हणाल्या, "ओक म्हणून कमी पडतोस."

त्या जागेवरचं जुनं चेरीचं झाड वादळात पडलं होतं. तिथे नवं झाड लावायचं, पण एकच, कारण जागाच तेवढी. नासपती लावायची की कॉर्क ओक, यावर बाईंची दोन वर्षं गेली होती. तिथे झाड कसं दिसेल ते बघायला माझ्याआधी इस्त्रीचा बोर्ड उभा करून झाला होता, झाडूला साडी बांधून झाली होती. कॉर्क ओक म्हणजे ज्याच्या सालीची बाटलीची बुचं होतात तो. आपल्याकडच्या पांढऱ्या फुलांच्या बुचाशी त्याचं काही नातं नाही. यजमानांबरोबर पोर्तुगालला गेल्या असताना बाईंनी तो पाहिला होता. तिथे साल सोलली की खोडावर त्या वर्षाचा आकडा रंगवतात, म्हणजे पुन्हा कधी सोलायचं ते कळतं. हे त्यांना फार आवडलं होतं. "झाडाच्या अंगावर केसपेपर," त्या सांगायच्या. "कोणी डॉक्टर बदलला तरी घोळ नाही."

बाईंना एका जागी बसता येत नसे. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, फोन तर जिन्यात वरखाली करत. सोमवारी नासपती ठरायची, गुरुवारी ओक, आणि शनिवारी मी पोचेपर्यंत दोन्ही रद्द. समोरच्याने उत्तर दिलं की त्या म्हणायच्या, "पुढे?" मी म्हणालो नासपती लावा. "पुढे?" फळ येईल. "पुढे?" तिसऱ्या 'पुढे'ला मी घाबरायचो. तसं झालेलं दिसलं की त्या म्हणायच्या, "दहापासून उलटं मोज. भूल देताना मोठमोठी माणसं चारपर्यंत पोचत नाहीत." पण मी एकपर्यंत पोचायचो, आणि घाबरलेलाच असायचो.

मला भीती होती ती एका कागदाची. मी नववीत शाळा सोडली आणि लांज्याजवळच्या एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधायला लागलो. कलमाला माझा हात बसला होता, पण इथे बागकामाची पक्की नोकरी हवी तर कॉलेजचा कोर्स लागतो. ज्यांच्याकडे दाखले नाहीत त्यांनी एक पान लिहून द्यायचं: खऱ्या बागेत एखादा निर्णय कसा घेतला ते. सोबत त्या बागेच्या मालकाचं पत्र. तो फॉर्म तीन आठवडे माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. प्रवेश नाही मिळाला तर जन्मभर खोकी, हे मला दिसत होतं. पण पेन हातात घेतलं की मी फॉर्म पुन्हा खिशात घालायचो. बाईंना हे कल्पनाकडून कळलं. त्यांनी फॉर्म मागून घेतला, उभ्याउभ्याच वाचला आणि म्हणाल्या, माझा निर्णय अडलाय, तुझं पान अडलंय, दोन्ही एकदम सोडवू. मी म्हणालो, इंग्रजी येत नाही. "मराठीत लिही. इंग्रजीचं मी बघते. आधी पेशंट तपास, मग केस लिही."

मग मी आठ दिवस पेशंट तपासला. खड्डा खणून माती पाहिली. चिकणमाती, पाणी धरून ठेवणारी, आणि कॉर्क ओकला पाय ओले आवडत नाहीत. तो साठ फुटांपर्यंत जाऊ शकतो, पानं बारमाही, म्हणजे हिवाळ्यात ऊन आधीच कमी असताना स्वयंपाकघर काळोखात. पहिली साल पंचवीस वर्षांनी. नासपतीचं कलम ठेंगण्या खुंटावर घेतलं तर बारा-पंधरा फुटांत राहील, पानगळ असल्याने हिवाळ्यात ऊन अडणार नाही, एप्रिलात फुलेल, चार-पाच वर्षांत फळ. शेवटी लिहिलं: नासपती लावावी, एक झाड पुरे. बाईंनी चालत चालत दोनदा वाचलं. ओकच्या परिच्छेदाशी जरा रेंगाळल्या. मग म्हणाल्या, "पंचवीस वर्षांनी मी शहाण्णव. ठीक आहे, नासपती." नोव्हेंबरात कॉमिस जातीचं तीन वर्षांचं झाड आणून आम्ही लावलं. बाईंनी माझ्या पानाचं इंग्रजी केलं, स्वतःचं पत्र जोडलं. जानेवारीत द्यायचं होतं.

डिसेंबरात लायब्ररीत चित्रं बघायला म्हणून एक पुस्तक उघडलं आणि माझी चूक समोर आली. नासपतीच्या बहुतेक जातींना फळ धरायला जवळपास दुसऱ्या जातीची नासपती फुललेली लागते. कॉमिस तर एकटी जवळजवळ धरतच नाही. मी आंब्याचा माणूस. आमच्याकडे परसात एक कलम लावतात आणि आंबे खातात. झाडाला जोडीदार विचारायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. "एक झाड पुरे" हे माझं वाक्य बाईंच्या सहीच्या पत्राला जोडून पाकिटात बसलं होतं.

तीन दिवस मी गप्प होतो. सांगितलं तर पत्र जाणार, पत्र गेलं तर कोर्स. नाही सांगितलं तर कोणाला कळणार होतं? जेवताना कल्पनाने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "सांगून टाका हो. घाबरलेली माणसं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. तुमचा चेहरा बघून त्यांना अर्धं कळलंच असेल."

चौथ्या दिवशी सांगितलं. बाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"तू बोलला नसतास तर मला कधी कळलं असतं?"

"चार-पाच वर्षांनी. फळ धरलं नसतं तेव्हा."

"तोवर तुझा कोर्स होऊन गेला असता."

"हो, बाई."

मग बाईंनी सांगितलं की नवीन असताना त्यांनी एका बाईला भुलीचं औषध जास्त दिलं होतं. सर्जन चिडका, सगळं थिएटर बघतंय. त्यांनी एका मिनिटात तोंडाने कबूल केलं, पेशंट वाचली. "तेव्हा मी गप्प बसले असते, तर पुढची तीस वर्षं रोज गप्प बसावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "पान परत लिही. चूक त्यात घाल."

"मग मला घेणार नाहीत."

"नाही घेतलं तर नाही. पत्र मी काढून घेत नाहीये."

मी नवा कागद घेतला. चूक लिहिता लिहिता उपायही सुचला, आणि तो मला शाळेने शिकवलेला नव्हता: त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचं कलम बांधायचं. काडी हवी होती. शेजारच्या म्हाताऱ्याच्या परसात जुनी नासपती होती आणि बाईंनी वीस वर्षांत त्याच्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलणं केलं नव्हतं. त्या छत्री घेऊन गेल्या आणि सरळ विचारलं, तुमचं झाड कोणत्या जातीचं, कधी फुलतं, आणि तीन काड्या द्याल का. म्हातारा म्हणाला, देतो, पण त्या दिवशी तो माणूस हात वर करून का उभा होता ते आधी सांगा. काड्या ओल्या कापडात गुंडाळून मार्चपर्यंत बाईंच्या फ्रीजमध्ये दह्याशेजारी राहिल्या. म्हाताऱ्याचं झाड तर कुंपणापलीकडेच होतं, त्याचा आधार होताच. पण ते उद्या तोडलं तर? म्हणून आपली फांदी आपल्याच झाडावर.

कॉलेजच्या मास्तरीणबाईंनी पान वाचलं. चूक कबूल केलेल्या परिच्छेदापाशी थांबल्या, वर बघितलं. मला वाटलं संपलं. त्यांनी एक काडी आणि चाकू पुढे ठेवला आणि कलमाची पाचर कशी मारतोस दाखव म्हणाल्या. एवढं मात्र मला मोजल्याशिवाय आलं. सप्टेंबरपासून माझं नाव लागलं. बाईंच्या झाडावरचं कलम त्याआधीच, मे महिन्यात, फुटलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाईंच्या डोळ्यांचा मधला भाग अंधारायला लागला. कडेचं दिसायचं, समोरचं अक्षर नाही. मुलीने लीड्सला नेलं, घर विकलं. निघताना त्यांना एकच घोर होता की नवा मालक छाटणी करताना ती परकी फांदी रानटी समजून उडवेल. मी मालकासाठी इंग्रजीत अर्धं पान लिहिलं: ही फांदी वेगळ्या जातीची आहे, तिच्याशिवाय फळ धरायचं नाही, कापू नये. या वेळी कोणाची मदत घेतली नाही. बाईंनी ते डोळ्यांच्या कडेने धरून पाहिलं, वाचता येईना, तेव्हा मला वाचायला लावलं. एक शब्द सुधारला आणि जिन्याकडे चालू लागल्या.

आता लीड्सच्या फ्लॅटमध्ये त्यांची मराठी पुस्तकं खोक्यात बंद आहेत. मुलीला वेळ नसतो, नातीला मराठी वाचता येत नाही. कोर्सचं शेवटचं वर्ष चालू आहे. ते संपलं की मी महिन्यातून एक रविवार लीड्सला जाणार आणि ती पुस्तकं एकेक करून त्यांना वाचून दाखवणार. मी अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतो, जोडाक्षराला अडखळतो. तरी जाणार. त्यांना हे सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवतोय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.