नादूरच्या बायकांचं पातळ सूप

समजा, तुमच्यावर एक काम सोपवलंय. गल्लीतली एक बाई वजन उतरवायचं ऑपरेशन करून घ्यायला इस्तंबूलला निघालीय. सर्जन तिच्या जठराचा मोठा भाग कापून टाकणार, मागे केळ्याएवढी पिशवी ठेवणार. बाई जन्मात विमानात बसलेली नाही. तिला धीर द्यायचा, सोबत जायचं आणि मुख्य म्हणजे निघण्याआधी दोन आठवडे तिला निव्वळ पातळ पदार्थांवर ठेवायचं. त्याने यकृत आटतं आणि सर्जनला जठरापर्यंत वाट मिळते. सोपं वाटतंय ना? मग हे काम जरा गोझो बेटावर करून दाखवा. इथे दारावर आलेला पोस्टमनसुद्धा तोंडात काहीतरी कोंबल्याशिवाय सुटत नाही.

नादूर गावची साल्विना शिंपीण हे काम सहा वर्षं करत होती. गावातून ऑपरेशनला गेलेली ती पहिली. गुपचूप गेली, परत आली आणि वर्षभरात निम्मी झाली. गावाला सांगितलं, लूर्दच्या यात्रेला गेले होते. पाद्रीबुवांनी प्रवचनात तिच्या श्रद्धेचं कौतुक केलं. मग एकेक बाई पदराआड विचारू लागली, "साल्विना, त्या लूर्दचा फोन नंबर देतेस का गं?"

त्यातून ‘हलक्या बहिणी’ हा गट निघाला. दर गुरुवारी बँड क्लबच्या माडीवर बैठक. खाली भट्टीत चीजचे पापुद्र्याचे समोसे फुगत असायचे आणि वर साल्विना भूक या विषयावर बोलत असायची. तिचं प्रत्येक वाक्य "मी यातून गेलेय" इथून सुरू व्हायचं. केस गळतात? मी यातून गेलेय. पाणी घशाखाली उतरत नाही? मी यातून गेलेय. शेवटी ती आपला ऑपरेशनआधीचा जुना स्कर्ट बाहेर काढायची, त्यात उभी राहून स्वतःभोवती गिरकी घ्यायची, आणि बायका टाळ्या वाजवायच्या. अलीकडे ती स्कर्ट नुसता खिळ्याला टांगायची. गिरकी बंद झाली होती. कुणी कारण विचारलं नाही. विचारायचं ते साल्विनाला, साल्विनाबद्दल नाही, असा गटाचा शिरस्ता होता.

यंदा पाळी पाउलीनाची होती. पाउलीना गाडीवर भाजी विकायची. गुडघा इतका गेला होता की जत्रेची आतषबाजी ती दोन वर्षं दारात बसून बघत होती. दारातून अर्धीच दिसते, उरलेली अर्धी शेजाऱ्याची पाण्याची टाकी बघते. आधी वजन उतरव, मग गुडघा, असं हाडाच्या डॉक्टरने सांगितलेलं. पाउलीनाला बाकी काही नको होतं. जूनच्या जत्रेला स्वतःच्या गच्चीवर चढायचं होतं.

"दोन आठवडे फक्त सूप," साल्विनाने बैठकीत जाहीर केलं. "आणि हिने एकटीने सोसायचं नाही. रोज एक बहीण घरून सूप नेईल."

पहिल्या दिवशी नादूरच्या जॉर्जाने कोंबडीचं नितळ पाणी नेलं. शेजारच्या शारा गावाहून गटात येणाऱ्या व्हिटोरिनने ते पाहिलं आणि तिच्या गावाची अब्रूच धोक्यात आली.

"हे सूप? यात माशी पडली तर तीही उपाशी मरेल! नादूरकर पाहुण्याला हे देतात होय?"

दुसऱ्या दिवशी तिने, बेटावर ‘विधवेचं सूप’ म्हणतात, ते आणलं. बटाटे, फ्लॉवर, वर अख्खं अंडं आणि मेंढीच्या दुधाचं चीज. नादूरने उत्तरादाखल पावट्याच्या शेंगा आणि शेवया घातल्या. शाराने त्यात दोन अंडी आणि दुप्पट चीज घातलं. पुढे पुढे चमचा पातेल्यात उभा राहायला लागला. साल्विना रोज संध्याकाळी तपासणीला जायची, एक वाडगा संपवायची आणि निकाल द्यायची.

"चमच्याने खातो ना आपण? मग पातळच."

इस्तंबूलच्या दवाखान्यात दोघी जाऊन बसल्या. एक तरुण नर्स हसत आली, "या मावशी, घाबरायचं नाही," म्हणाली आणि रुग्णाची कागदी पट्टी सरळ साल्विनाच्या मनगटाला बांधली.

"मी नाही, ही!" साल्विना ओरडली. "मी सोबत आलेय. माझं झालंय!"

नर्सने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं झालंय?" इतकंच म्हणाली आणि पट्टी कात्रीने कापली.

मग सर्जनने पाउलीनाच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. फिरवतच राहिला.

"दोन आठवडे काय घेतलंत?"

"सूप, डॉक्टरसाहेब. बहिणींनी रोज केलं." पाउलीनाने मोठ्या अभिमानाने मोबाइलवर फोटो दाखवले. गटात ते रोज टाकले जायचे, खाली बदामाची आणि टाळ्यांची चिन्हं.

"हे काय आहे?"

"विधवेचं सूप."

"नवरा कशाने गेला ते कळलं," सर्जन म्हणाला. मग यंत्र बाजूला ठेवलं. "बाई, यकृत इतकं सुजलेलं असताना मी हात लावणार नाही. दोन आठवडे गाळलेलं सुपाचं पाणी प्या, इथेच राहून. नाहीतर घरी जा."

हॉटेलच्या खोलीत पाउलीना पलंगावर बसली. बूटही काढले नाहीत.

"तू यातून गेलीयस ना?"

"गेलेय गं."

"मग तुझ्या वेळी कोणी अंड्याचं सूप दिलं होतं?"

साल्विना खिडकीकडे वळली. तिच्या वेळी गावात कुणालाच माहीत नव्हतं. दाराला कडी लावून तिने एकटीने सुपाचं नितळ पाणी प्यायलं होतं, आणि ते कसं दिसतं हेच पुढच्या वर्षांत विसरली होती.

"त्या पोरीने पट्टी तुला का बांधली?" पाउलीना थांबत नव्हती.

"चष्मा विसरली असेल."

"साल्विना. तो स्कर्ट तुला आता बसतो का?"

"सैल होतो."

"किती सैल?"

"...श्वास घेता येतो."

पाउलीनाला हसू फुटलं आणि त्यातच रडूही. "अगं बये! आणि मी तुझ्या भरवशावर आले! मला सांग, माझंही असंच होणार?"

आता साल्विनाकडे गुरुवारचं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. सहा वर्षांत हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. "पण सुपाची चूक माझी आहे. तू राहणार असशील तर मीही राहते. आणि तू पिशील तेच मी पिणार."

फोनवर बहिणींना बातमी कळली, तसा कल्लोळ झाला. "हाय रे देवा, दोन आठवडे नुसतं पाणी? माझा भाचा उद्या तिकडे निघालाय, त्याच्याबरोबर डबा पाठवते!" व्हिटोरिन म्हणाली. त्यावर जॉर्जा म्हणाली, मग नादूरचाही डबा जाईल. साल्विनाने फोन बंद करून उशीखाली ढकलला.

दोघी रोज हॉटेलच्या आचाऱ्याकडून रस्सा मागवायच्या आणि चहाच्या गाळणीतून दोनदा गाळायच्या. खालच्या रस्त्यावरून भाजलेल्या मांसाचा वास वर यायचा. पाउलीना कपात बघून म्हणायची, "यात आपलं तोंड दिसतंय गं." साल्विना म्हणायची, "बघू नकोस, पी." तिला स्वतःला भूक अशी लागायची की भिंतीवरच्या चित्रातली सफरचंदं ती उगाच न्याहाळत बसायची. पण पाउलीनासमोर कप खाली ठेवायची लाज वाटायची, म्हणून तीही प्यायली.

सर्जनने पुन्हा यंत्र फिरवलं, आणि यावेळी मान डोलावली.

ऑपरेशनच्या सकाळी पाउलीनाचं स्ट्रेचर ढकलत नेताना ती ओरडली, "जत्रेला गच्चीवर खुर्च्या तू मांडायच्या! आणि सूप कोणी आणलं तर वरूनच ओतीन!"

दाराशी सर्जन थांबला. सोबतीच्या माणसाला तो नेहमीच विचारायचा. "काही शंका?"

टाके, पाणी, केस, चक्कर, सगळ्याची उत्तरं साल्विनाला पाठ होती. दुसऱ्यांसाठी तिने याच दारात कितीतरी प्रश्न विचारले होते. तिने रिकाम्या मनगटावरून हात फिरवला.

"एक आहे, डॉक्टर. पण पाउलीनाची नाही, माझी. तुम्ही मागे ठेवलेलं ते एवढंसं पोट पहिली दोन वर्षं मला ‘पुरे’ म्हणायचं. आता का म्हणत नाही?"